कला आणि राजकारण यांच्या अभ्यासकेंद्राविषयी कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, तसेच विद्यापरिषदा आणि व्यवस्थापन परिषदा यांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थी सादर करीत असलेल्या एका नाटकाचा प्रयोग बंद पाडला गेला आणि पाठोपाठ विभागप्रमुखांना व विद्यार्थ्यांना अटक झाली. रामलीलेतील नटांवर बेतलेले ते नाटक चांगले होते की सुमार, त्यातला विनोद अभिरुचीला धरून होता की नव्हता, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्या वादात मला पुन्हा शिरायचे नाही. पुराणातील पात्रांना रंगमंचावर आणण्याची, त्यांच्या तोंडून आजच्या गोष्टी वदवण्याची आणि मग त्यावरून कडाकडा भांडण्याची या प्रांताला शंभराहून अधिक वर्षांची सवय आहे. तरीही तो इतिहास हाताशी ठेवून, सप्रमाण आणि शांतपणे बोलू शकेल अशी एकही व्यवस्था आपल्या विद्यापीठांत उभी नाही, ही गोष्ट मला त्या दिवसांत अधिक खटकली. जे काही ठरले ते पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात ठरले.

हे काही एका विद्यापीठापुरते नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात २००७ साली परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच्या पाठिंब्यासाठी सहाध्यायांनी विभागाच्याच संग्रहातील जुन्या कलाकृतींच्या प्रतिमांचे प्रदर्शन भरवले आणि ते बंद करायला नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. मुंबई विद्यापीठात २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची एक कादंबरी बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढण्यात आली. त्यासाठी कुलगुरूंनी आपले आपत्कालीन अधिकार वापरले, म्हणजे पुस्तक अभ्यासक्रमात आणणाऱ्या अभ्यासमंडळाला त्यावर पुन्हा विचार करण्याची संधीच उरली नाही. तिन्ही ठिकाणी प्रसंग वेगळा होता आणि माणसेही वेगळी होती, पण कलेचा राजकारणाशी संबंध आला की आपली विद्यापीठे तो विषय सुरक्षा अधिकाऱ्याकडे सोपवतात, हे तिन्हींत सारखेच दिसते.

म्हणून आपल्यापुढे एक मागणी ठेवतो आहे. राज्यातील निदान एका विद्यापीठाने कला आणि राजकारण यांच्या संबंधाचा अभ्यास करणारे स्वतंत्र केंद्र उभारावे, आणि त्या केंद्राला ज्यांचा अभ्यास करायचा त्यांत स्वतः विद्यापीठही येते, हे त्याच्या स्थापनेच्या कागदातच लिहून द्यावे. मागणीचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

विद्यापीठाने राजकारणापासून चार हात दूर राहावे, हा आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा चांगलाच असतो, कारण निवडणुकीच्या राजकारणाने आपल्या विद्यापीठांचे काय केले हे त्यांनी जवळून पाहिलेले असते. परंतु मराठीतील आधुनिक नाटकाचा उगम शोधायला गेले तर अगदी पहिल्या पायरीवरच एक सरकारी समिती आडवी येते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याला भविष्य सांगून नागवणारा भटजी, मधूनमधून शेरे मारणारा विदूषक, आणि शेवटी शिकायला निघालेले ते जोडपे असे त्याचे कथानक आहे. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजांनी मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळवला होता, आणि त्याच निधीतून आपल्या नाटकाला आश्रय मिळावा अशी फुल्यांची अपेक्षा होती. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे फुल्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. नाटक छापून वाचकांच्या हाती आले ते १९७९ साली.

सव्वाशे वर्षे एक नाटक कपाटात राहिले. त्यावर कुणी बंदी घातली नव्हती, कुणी प्रयोग उधळला नव्हता आणि कुणाला अटकही झाली नव्हती. एका कमिटीने बक्षीस नाकारले, एवढेच घडले. कलेवर सत्तेचा हात पडतो तो बहुतेक वेळा असा पडतो. दगडफेकीची बातमी होते, पण अनुदानाच्या अर्जावर मारलेल्या नकाराच्या शेऱ्याची होत नाही. अशा शेऱ्यांचा इतिहास लिहायचा असेल तर तो समित्यांची इतिवृत्ते वाचूनच लिहावा लागेल, आणि इतिवृत्ते नीट वाचण्याची शिस्त विद्यापीठाखेरीज दुसरीकडे क्वचितच सापडते. राजकारणापासून दूर राहायचे म्हणून विद्यापीठ हा विषय टाळत असेल, तर त्याने कमिटीच्या बाजूने आपले मत आधीच नोंदवले आहे असे मी समजेन.

अशी केंद्रे जगात नव्याने निघायची आहेत असेही नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील प्रयोगकला आणि राजकारण यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने अमेरिका खंडांतील नाट्यप्रयोगांच्या चित्रफितींचा मोठा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या मदतीने उभा केला आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ हा गट वास्तुकलेची साधने वापरून सरकारी हिंसाचाराच्या घटनांची फेरमांडणी करतो, आणि ते काम न्यायालयांत पुरावा म्हणून आणि कलादालनांत प्रदर्शन म्हणून अशा दोन्ही ठिकाणी मांडले गेले आहे. मला मात्र आपल्यापुढे ठेवायचे आहे ते न्यूयॉर्कमधीलच ‘द न्यू स्कूल’ या विद्यापीठाचे उदाहरण, कारण त्यात विद्यापीठाची लाज आणि विद्यापीठाची हिंमत दोन्ही एकाच इमारतीत पाहायला मिळतात.

१९१९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने आपल्या नव्या इमारतीतील भोजनगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी मेक्सिकोचे चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को यांना बोलावले. १९३१ साली पूर्ण झालेल्या त्या भित्तिचित्रांत एका भिंतीवर लेनिन आणि स्टालिन आहेत, दुसऱ्या भिंतीवर वसाहतवादी सैनिकांसमोर गांधी आहेत, आणि एके ठिकाणी निरनिराळ्या वंशांची माणसे एकाच टेबलाभोवती बसलेली आहेत. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने शोधमोहीम सुरू झाली तेव्हा या विद्यापीठाने, जे विचारस्वातंत्र्यासाठीच जन्मल्याचे सांगत असे, चित्राच्या सोव्हिएत भागावर पडदा लावला. चित्र पुसले नाही की फोडले नाही, फक्त झाकले. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी विरोध केला, आणि कालांतराने पडदा निघाला.

त्याच विद्यापीठाने १९९० साली वेगळा निर्णय घेतला. अमेरिकी सरकारच्या कलानिधीने तेव्हा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेवर, हा पैसा अश्लील समजल्या जाऊ शकणाऱ्या कामासाठी वापरणार नाही असे लिहून देण्याची अट घातली होती. न्यू स्कूलला एका अंगणाच्या कलात्मक रचनेसाठी अनुदान मंजूर झाले होते. अंगणात अश्लील असे काय असणार, सही करून पैसे घेऊन टाकावेत, असा विचार कुणीही व्यवहारी माणूस करील. विद्यापीठाने सही केली नाही. उलट न्यायालयात दावा लावला, आणि ते प्रकरण पुढच्याच वर्षी ती अट मागे घेतली जाऊन मिटले. त्यानंतर लगेच, १९९२ साली, तेथे कला आणि राजकारण यांचे केंद्र स्थापन झाले. आज ते व्हेरा लिस्ट यांच्या नावाने ओळखले जाते आणि चर्चा, प्रदर्शने, कलावंतांना अभ्यासवृत्ती, प्रकाशने असे त्याचे काम चालते.

या हकिगतीतून अमेरिकेचे गोडवे गायचे नाहीत, पडदा लावणारेही तेच होते. परंतु सही करायची की नाही हा प्रश्न समोर आला तेव्हा काय पणाला लागले आहे हे त्या विद्यापीठाला कळले होते, आणि ते कळणे पुढे एका संस्थेत बांधून ठेवावे असे त्याला वाटले. आपल्याकडे असा प्रसंग आला की तो विसरण्याची घाई होते.

आता आपल्याकडच्या केंद्राने नेमके काय करावे, याकडे वळतो. परिसंवाद आणि व्याख्यानमाला आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांत आणखी एकीची भर नको. पहिले काम संग्रहाचे आहे, आणि ते आजच सुरू झाले नाही तर काही वर्षांनी करण्यासारखे उरणारच नाही.

लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिल्यानंतर मेळ्यांची, म्हणजे उत्सवात पदे गात फिरणाऱ्या पथकांची, लाट आली. १९२० च्या दशकात पुण्यात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने त्याच मैदानात उतरून ब्राह्मणेतर चळवळीची पदे गायली. या मेळ्यांच्या पद्यांच्या पुस्तिका निघत. चार-सहा पानांच्या, हलक्या कागदावर छापलेल्या, मुखपृष्ठावर आणा-अर्धा आणा किंमत असलेल्या या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना माहीत आहे की पान उलटताना कडा हातात येते, टाचणीच्या गंजाचा डाग पहिल्या कडव्यावर पसरलेला असतो, आणि पुष्कळदा पद्यकर्त्याचे नाव असलेले पानच गेलेले असते. ग्रंथालयांनी त्या ग्रंथ म्हणून नोंदवल्या नाहीत, कारण त्या ग्रंथ नव्हत्या, आणि नियतकालिक म्हणूनही नोंदवल्या नाहीत. मेळ्यांच्या पदांची काळजीपूर्वक नोंद ठेवणारे एक खाते मात्र होते, ते म्हणजे इंग्रज सरकारचे पोलीस खाते. कोणत्या मेळ्याने कोणत्या चौकात कोणते पद म्हटले हे आज शोधायचे तर त्या काळच्या गुप्त अहवालांकडे जावे लागते. आपल्या राजकीय गाण्यांचे सर्वांत चिकाटीचे संग्राहक ती गाणी बंद पाडू पाहणारे लोक होते, ही गोष्ट विद्यापीठांनी थोडी मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

‘कीचकवधा’चेही तसेच झाले आहे. खाडिलकरांच्या या नाटकात व्हाइसरॉय कर्झनचे नाव कुठेही नाही, तरीही कीचक म्हणजे कोण, द्रौपदी म्हणजे काय, आणि भीम व धर्मराज हे कोणत्या दोन राजकीय मतांचे प्रतिनिधी, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. हे नाटक प्रेक्षागृहात कसे पाहिले जाई, याचे बारकाईने केलेले वर्णन ज्यांच्या लेखनात सापडते ते इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल म्हणजे ज्यांच्यावर टिळकांनी लंडनमध्ये खटला भरला तेच गृहस्थ. शत्रुपक्षाची साक्ष नुसती झिडकारून चालत नाही, ती पारखून घ्यावी लागते. मूळ संहिता, बंदीचा हुकूम, वर्तमानपत्रांतील परीक्षणे आणि चिरोल यांचे वर्णन ही चारही साधने एका टेबलावर ठेवून विद्यार्थ्याला वाचायला देता आली, तर कला आणि राजकारण या विषयावरचा तो पहिला तास ठरेल.

गाणी आणि नाट्य यांतून विचार मांडणारे सत्यशोधक जलसे, त्यानंतरचे आंबेडकरी जलसे, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहिरी ही सगळी नावे आपल्या भाषणांत येतातच. त्यांच्याबद्दलचा अभिमान आपल्याकडे उदंड आहे आणि कागद तुटपुंजे. जलशाच्या वह्या त्या त्या कलावंताच्या घरी राहिल्या, घरे बदलली तशा त्या हरवल्या. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी स्वतः आठवणी लिहून ठेवल्या म्हणून निदान एक धागा हाती आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि नंतर सुधारणेच्या अटींवर त्याला वाट करून दिली. या निर्णयात अश्लीलतेची चीड किती होती आणि कामगारवस्त्यांत रंगणाऱ्या कम्युनिस्ट लोकनाट्यांची धास्ती किती होती, यावर मते भरपूर ऐकू येतात. गृहखात्याच्या फायली समोर ठेवून हा प्रश्न नीट सोडवण्याचे काम म्हणजे एखाद्या संशोधकाची उमेदीची काही वर्षे. ती वर्षे त्याला देऊ शकेल अशी जागा हवी.

संग्रहाचा आणखी एक मोठा साठा सरकारच्याच ताब्यात आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. नाटकवाले त्याला नुसते सेन्सॉर म्हणतात. या व्यवस्थेला आधार आहे तो १९५१ च्या पोलीस कायद्याखालील नियमांचा, हे सर्वसाधारण प्रेक्षकाला माहीत नसते. चित्रपटाला स्वतंत्र कायदा आहे, नाटक मात्र आजही सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा बंदोबस्त करणाऱ्या नियमांत बसवलेले आहे. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते योग्य की अयोग्य हा निराळा विषय. मला सांगायचे आहे ते असे, की गेल्या सात दशकांत कोणती वाक्ये वगळायला सांगितली गेली, कोणत्या वर्षी जातीच्या उल्लेखावर कात्री चालली, कोणत्या वर्षी शिवीवर आणि कोणत्या वर्षी एखाद्या मंत्र्यावरच्या कोटीवर, याची यादी जर कुणी तयार करू शकला, तर या राज्याच्या मनाचा त्याहून खरा इतिहास दुसरा नसेल. मंडळाच्या दप्तरात आणि नाट्यसंस्थांच्या ट्रंकांत जे शिल्लक असेल त्याच्या प्रती मिळाव्यात म्हणून एखाद्या विद्यापीठाने शासनाशी रीतसर करार करावा. हे काम एकट्यादुकट्या संशोधकाच्या माहितीच्या अधिकारातील अर्जांनी होणारे नाही.

केवळ बंडखोर कलेचा संग्रह करणारे केंद्र मला अर्धवट वाटेल. सत्ता स्वतःही कलेचा भरपूर वापर करते, आणि आपल्या चौकाचौकांत तिचे जे रूप दिसते त्याकडे अभ्यासकाने अजून मान वर करून पाहिलेले नाही. मी फ्लेक्सविषयी बोलतो आहे. वरच्या पट्टीत कोणत्या नेत्यांचे चेहरे कोणत्या क्रमाने, मधल्या नेत्याचे छायाचित्र कमरेपर्यंत की पूर्ण, हात जोडलेले की उंचावलेले, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो किती आणि त्यांत कुणाला गॉगलसकट जागा मिळाली, यावरून त्या तालुक्यातील त्या आठवड्याचे राजकारण जाणकार कार्यकर्ता घडाघडा वाचून दाखवतो. पक्ष फुटला की वरच्या पट्टीतला एक चेहरा जातो आणि दुसरा येतो. ती मांडणी करणारा डीटीपीवाला हा आपल्या काळातला बहुधा सर्वाधिक पाहिला जाणारा राजकीय चित्रकार आहे, आणि त्याचे काम पंधरवड्यात उतरून एखाद्या शेडवर ताडपत्री म्हणून जाते. पुतळ्यांच्या समित्या, जयंतीच्या मिरवणुकांतील देखावे, प्रचारगीते हे सगळे याच घरातले. त्याची थट्टा करणे सोपे आहे, पण केंद्राने ते गांभीर्याने जमवावे.

तीच गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांची. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आले, थोड्याच प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेने थांबवले, आणि नाटक करू इच्छिणाऱ्यांनी बाहेर पडून थिएटर अकादमी ही नवी संस्था काढली. या प्रकरणातील नाटकाच्या बाजूचे लेखन आपल्याला बऱ्यापैकी उपलब्ध आहे. नाना फडणविसांच्या चित्रणाने दुखावलेल्यांनी काढलेली पत्रके, वर्तमानपत्रांना लिहिलेली पत्रे, सभांतील भाषणे मात्र क्वचितच कुणी जपली. मी स्वतः त्या वादात नाटकाच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. तरीही त्या पत्रकांत ऐतिहासिक पुराव्याविषयीचे काही आक्षेप होते आणि काही निव्वळ जातीय दुखावलेपण होते. दोन्ही वेगळे करून पाहायचे तर आधी ते कागद हवेत. ज्या केंद्रात फक्त एकाच बाजूच्या लोकांना आपले म्हणणे सुरक्षित वाटते, त्याला अभ्यासकेंद्र म्हणणे अवघड आहे.

केंद्रात कोण शिकवील, हा प्रश्न व्यवस्थापन परिषदेत नक्की निघेल. नेट-सेट झालेले, पीएच.डी. असलेले आणि शिवाय डफ हाती घेऊन उभे राहू शकणारे उमेदवार जाहिरात देऊन मिळणार नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही, म्हणजे नेहमीच्या पदव्यांऐवजी प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर नेमणूक करण्याची, वाट खुली केली आहे आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. आतापर्यंत ती सवलत मुख्यतः उद्योग आणि व्यवस्थापन या क्षेत्रांतील मंडळींच्या संदर्भात ऐकू येते. तिचा उपयोग शाहिरासाठी, भित्तिचित्रकारासाठी, व्यंगचित्रकारासाठी करायला नियमांची आडकाठी नाही. मात्र अशा माणसाला नेमल्यावर त्याच्याकडून स्नेहसंमेलनाचे स्वागतगीत बसवून घेऊ नये, एवढी विनंती.

आता मागणीच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे मोकळिकीकडे येतो. आपल्या विद्यापीठांत थोरांच्या नावांची अध्यासने पुष्कळ आहेत. काहींनी मोलाचे काम केले आहे, पण अनेकांचे अस्तित्व जयंती आणि पुण्यतिथी या दोन दिवशीच जाणवते. निधी आला की फलक लागतो, प्रमुखपद दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून जाते, आणि पुढच्या अर्थसंकल्पात त्या नावापुढे नाममात्र तरतूद उरते. कला आणि राजकारण यांच्या केंद्राला हे प्राक्तन अधिक लवकर येईल, कारण त्याला मुद्दाम बंद करण्याची गरजच पडणार नाही. प्रमुखपद रिक्त ठेवले की पुरे.

यासाठी केंद्राची रचना परिपत्रकाने न करता महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या चौकटीत परिनियमाद्वारे व्हावी, म्हणजे एका कुलगुरूंनी दिलेले दुसऱ्यांना सहज काढून घेता येणार नाही. केंद्रातील प्रदर्शन, प्रयोग किंवा प्रकाशन यांवर हरकत आली तर ती प्रथम केंद्राच्या विद्वत्समितीपुढे लेखी यावी, समितीने हरकत घेणाऱ्यांना बोलावून ऐकावे, आणि निर्णय कारणांसह जाहीर करावा. हे पूर्ण होण्याआधी आपत्कालीन अधिकार वापरण्याची वेळ कुलगुरूंवर आलीच, तर त्यांनीही आपली कारणे लेखी नोंदवून ती विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत चर्चेला ठेवावीत. विद्यापीठाच्या आवारात, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या कामासाठी विद्यार्थ्यावर गुन्हा दाखल झाला, तर त्याला वकील मिळवून देणे ही विद्यापीठाची जबाबदारी असावी. आजवर ती त्याच्या पालकांची असते, आणि पालक तालुक्याच्या गावाहून रात्रीच्या एसटीने येऊन पोहोचेपर्यंत विभागातील वरिष्ठ मंडळींचे फोन लागत नाहीत असा अनुभव आहे.

शिवाय केंद्राने दरवर्षी एक अहवाल काढावा, ज्यात त्याच विद्यापीठाने त्या वर्षात कोणता कार्यक्रम रद्द केला, कोणत्या सभागृहाची परवानगी नाकारली, युवक महोत्सवाच्या कोणत्या संहितेत बदल सुचवले आणि कोणत्या पाहुण्याचे निमंत्रण मागे घेतले, याची नोंद असेल. सुरुवातीला हे कुणालाच रुचणार नाही. परंतु या एका तरतुदीला आपण तयार नसाल, तर केंद्र काढूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा तो निधी वसतिगृहाच्या दुरुस्तीला द्यावा, तो तिथे अधिक प्रामाणिकपणे खर्च होईल.

पैशाविषयी थोडेच. शासनाचा निधी घ्यावा, उद्योगांच्या सामाजिक दायित्वाच्या तरतुदीतूनही घ्यावा, कारण कुठलाच पैसा सोवळा नसतो. अट एवढीच, की देणगीदाराने घातलेल्या अटी केंद्राच्या संकेतस्थळावर जशाच्या तशा प्रसिद्ध व्हाव्यात. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या काळात तशी सोय असती, तर फुल्यांच्या नाटकावरचे अभिप्राय आज आपल्याला नावानिशी वाचता आले असते.

आपल्यापैकी ज्या विद्यापीठांत नाट्यशास्त्र, ललित कला, लोककला, राज्यशास्त्र आणि इतिहास हे विभाग आधीच आहेत, त्यांना नव्या इमारतीची गरज नाही. दोन खोल्या, तापमान राखता येईल असा एक संग्रहकक्ष, अभिलेखांचे काम जाणणारा एक पूर्णवेळ माणूस आणि स्कॅनर एवढ्यावर पहिली दोन वर्षे भागतील. विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा प्रस्ताव घ्यावा, आणि फेटाळायचा असल्यास तो कोणत्या कारणाने फेटाळला हे इतिवृत्तात सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा एक अभ्यासक